स्तनाची पुनर्रचना, किरणोपचार आणि कठीण होणारे आवरण

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांचा पहिला हेतू रुग्णाचे प्राण वाचविणे हा होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने जडल्याचे आढळले. आपल्याकडे रोग पुष्कळदा उशिरा लक्षात येतो. त्यामुळे अनेक स्त्रियांना संपूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया, औषधोपचार आणि त्यानंतर किरणोपचार अशा तिन्ही टप्प्यांतून जावे लागते. उपचार यशस्वी होऊन रुग्ण घरी परतते, तेव्हा तिच्यापुढे दुसरा प्रश्न उभा असतो. गमावलेल्या अवयवाची उणीव घेऊन पुढचे आयुष्य कसे काढावे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून स्तनाची पुनर्रचना करण्यात येते. त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे सिलिकोनचे वेष्टन असलेली आणि सिलिकोनच्या लगद्याने अथवा मिठाच्या निर्जंतुक पाण्याने भरलेली पिशवी. वैद्यकीय व्यवहारात तिला 'इम्प्लांट' असे म्हणतात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९६२ साली टॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी सिलिकोनचे पहिले इम्प्लांट बसविले. तेव्हापासून या साधनात बऱ्याच सुधारणा झाल्या. तथापि एक अडचण आजतागायत पूर्णपणे दूर झालेली नाही. इम्प्लांटभोवती तयार होणारे व्रण-ऊतीचे आवरण काही स्त्रियांमध्ये जाड, कठीण व आकसलेले होते. किरणोपचार झालेल्या स्त्रियांमध्ये हा धोका विशेष वाढतो. तो कमी करण्याचे मार्ग आहेत. मात्र त्यांपैकी बहुतेकांचा अवलंब पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवावा लागतो, ही गोष्ट रुग्ण व तिचे कुटुंबीय यांना वेळीच माहीत असणे अगत्याचे आहे.

आवरण का तयार होते?

शरीरात बाहेरची वस्तू शिरली की शरीर तिला ओळखते. ती वस्तू पचविता येत नसेल व बाहेरही टाकता येत नसेल, तर शरीर तिच्याभोवती तंतुमय भिंत उभारून तिला वेगळे करते. हृदयाची गती राखणारा पेसमेकर असो किंवा सिलिकोनची पिशवी असो, हा नियम सर्वांना सारखाच लागू पडतो. म्हणून इम्प्लांटभोवती आवरण तयार होणे हा रोग नव्हे. बहुसंख्य स्त्रियांमध्ये ते पातळ व मऊ राहते. इम्प्लांट जागच्या जागी राहण्यास त्याची मदतच होते.

अडचण उद्भवते ती हे काम थांबायला हवे तेथे न थांबल्यामुळे. जखम भरून आणणाऱ्या तंतुजनक पेशी कोलॅजेन नावाचे प्रथिन तयार करतात. या पेशींपैकी काहींना स्नायूंप्रमाणे आकुंचन पावण्याचा गुण येतो. उघड्या जखमेच्या कडा जवळ आणण्यासाठी हा गुण उपयोगी असतो. परंतु गोल पिशवीभोवती हीच क्रिया चालू राहिली, तर आवरण सर्व बाजूंनी आवळत जाते. पिशवी मुळात मऊच असते, पण तिच्याभोवतीची मूठ घट्ट झाल्यामुळे स्तन हाताला टणक लागतो.

आवरणाला असे चेतविणारी कारणे अनेक आहेत. जखमेत रक्त किंवा द्रव साचून राहणे, उघड संसर्ग होणे ही त्यांपैकी काही होत. त्याखेरीज त्वचेवर नेहमी वास करणारे सूक्ष्मजंतू शस्त्रक्रियेच्या वेळी इम्प्लांटच्या पृष्ठभागावर चिकटून तेथे चिकट थर करून राहू शकतात. ताप नाही, पू नाही, तरीही त्यांच्यामुळे मंद दाह धुमसत राहतो. आवरण कठीण होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण असावे, असे तज्ज्ञ मानतात.

चार श्रेणी

या विकाराची तीव्रता मोजण्यासाठी जेम्स बेकर या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९७५ साली मांडलेली चार श्रेणींची पद्धत आजही जगभर वापरली जाते. पुनर्रचित स्तनासाठी १९९५ मध्ये तीत काही फेरबदल करण्यात आले. पहिल्या श्रेणीत स्तन मऊ व नैसर्गिक असतो. दुसऱ्या श्रेणीत तो दिसण्यास ठीक, परंतु हाताला किंचित घट्ट लागतो. तिसऱ्या श्रेणीत घट्टपणाबरोबर आकारातही बदल दिसू लागतो. चौथ्या श्रेणीत स्तन कठीण होतो, वर सरकतो, त्याचा आकार बिघडतो व वेदना होतात. पहिल्या दोन श्रेणींमध्ये सहसा काही करावे लागत नाही. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीमध्ये मात्र पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. कर्करोगाच्या उपचारांतून नुकत्याच सावरलेल्या स्त्रीला कुशीवर झोपता न येणे, हात वर करताना छातीत ओढ बसणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया-कक्षात जावे लागणे यांचा किती जाच होत असेल, याची कल्पना करता येईल.

किरणोपचाराचा परिणाम

किरणोपचारात छातीच्या भागावर उच्च ऊर्जेचे किरण ठरावीक मात्रेत सोडले जातात. मागे राहिलेल्या कर्करोगाच्या पेशींच्या गुणसूत्रांना त्यामुळे इजा पोचते व त्या वाढू शकत नाहीत. परंतु किरणांच्या वाटेत निरोगी त्वचा, स्नायू आणि रक्तवाहिन्याही येतात. त्वचा लाल होणे, काळवंडणे, सोलणे हे तात्कालिक परिणाम काही आठवड्यांत ओसरतात. खोलवरचे परिणाम मात्र सावकाश प्रकट होतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावून रक्तपुरवठा घटतो. तंतुजनक पेशींना चेतविणारे रासायनिक संदेश दीर्घकाळ चालू राहतात. कोलॅजेन साचत जाते आणि ऊतींचा लवचिकपणा कमी होतो. हा क्रम महिनेच नव्हे, तर वर्षानुवर्षे चालू राहू शकतो. किरणोपचार संपल्यानंतर वर्षभर मऊ राहिलेला स्तन पुढे हळूहळू घट्ट होऊ लागतो, याचे कारण हेच होय.

या धोक्याचे प्रमाण किती, याचा अंदाज अमेरिका व कॅनडा येथील ११ केंद्रांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासावरून येतो. इम्प्लांट बसवून किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांना दोन वर्षांच्या आत कोणती ना कोणती गुंतागुंत झाली. किरणोपचार न घेतलेल्या इम्प्लांटधारक स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्वतःच्या शरीरातील ऊती वापरून पुनर्रचना झालेल्या व किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये ते सुमारे २६ टक्के आढळले. पुनर्रचना पूर्णपणे अयशस्वी ठरण्याचे प्रमाण तर इम्प्लांट व किरणोपचार एकत्र आलेल्या गटात सुमारे १९ टक्के, आणि किरणोपचार घेऊनही स्वतःच्या ऊती वापरलेल्या गटात केवळ १ टक्का होते. या आकड्यांत आकसलेल्या आवरणाखेरीज इतर गुंतागुंतींचाही समावेश आहे, हे लक्षात ठेवावयास हवे. तसेच त्याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. किरणोपचार होऊनही बहुसंख्य स्त्रियांचे इम्प्लांट दोन वर्षांनंतर टिकून होते.

किरणोपचार टाळावा काय?

इम्प्लांट सुस्थितीत राहावे म्हणून आवश्यक असलेला किरणोपचार नाकारणे हे सर्वस्वी अयोग्य ठरेल. २२ चाचण्यांतील ८,१३५ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. काखेतील लसीकाग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्या स्त्रियांमध्ये, स्तन काढल्यानंतर दिलेल्या किरणोपचारामुळे रोग उलटण्याचे आणि त्यामुळे मृत्यू ओढवण्याचे प्रमाण कमी होते, हे त्यावरून सिद्ध झाले. ज्यांच्या ग्रंथींमध्ये रोग नव्हता, त्यांना मात्र असा लाभ दिसून आला नाही.

त्या चाचण्यांच्या काळानंतर औषधोपचार पुष्कळ सुधारले आहेत. मध्यम धोक्याच्या गटातील स्त्रियांना आजही छातीवरील किरणोपचाराची गरज आहे काय, हे ब्रिटनमधून चालविण्यात आलेल्या 'सुप्रीमो' या आंतरराष्ट्रीय चाचणीत तपासण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या दहा वर्षांच्या निष्कर्षांत किरणोपचार घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. याचा अर्थ किरणोपचार निरुपयोगी आहे असा नव्हे. रोग अधिक पसरलेल्या स्त्रियांना त्याची गरज आहेच. या निष्कर्षांचा बोध इतकाच की, 'या रुग्णाला किरणोपचार खरोखर आवश्यक आहे काय?' हा प्रश्न प्रत्येक वेळी काटेकोरपणे विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर कर्करोगतज्ज्ञाने द्यावयाचे असते. पुनर्रचनेच्या सोयीसाठी ते फिरविता येत नाही.

कोणता मार्ग, कोणत्या वेळी?

प्रतिबंधाचा पहिला व सर्वांत परिणामकारक टप्पा नियोजनाचा आहे. किरणोपचार लागण्याची शक्यता असेल तेव्हा रुग्णापुढे सामान्यतः तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे स्तन काढतानाच कायमचे इम्प्लांट बसविणे. यात शस्त्रक्रियांची संख्या कमी होते. मात्र पुढे किरणोपचार झाल्यास त्याचा मारा कायमच्या इम्प्लांटभोवतीच्या ऊतींवर होतो व आवरण आकसण्याचा धोका राहतो.

दुसरा मार्ग दोन टप्प्यांचा आहे. प्रथम त्वचा ताणणारी रिकामी पिशवी बसवून ती काही आठवड्यांत थोडी थोडी भरली जाते. नंतर ती काढून तिच्या जागी कायमचे इम्प्लांट बसवितात. किरणोपचार पहिल्या पिशवीवर दिल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी कठीण झालेले आवरण मोकळे करण्याची संधी मिळते. परंतु किरणोपचार झालेल्या त्वचेवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्याने जखम न भरण्याचा आणि पुनर्रचना गमावण्याचा धोका वाढतो. म्हणून किरणोपचार संपल्यावर किमान सहा महिने थांबून मगच पिशवी बदलावी, असे अनेक तज्ज्ञ सुचवितात. किरणोपचारापूर्वीच पिशवी बदलून घेण्याचाही प्रघात काही ठिकाणी आहे. परंतु त्यासाठी किरणोपचाराला विलंब होऊ देता कामा नये.

तिसरा मार्ग स्वतःच्या ऊतींचा. पोटाच्या खालच्या भागातील त्वचा व चरबी, किंवा पाठीचा रुंद स्नायू वापरून स्तन घडविला जातो. या ऊती आपला जिवंत रक्तपुरवठा सोबत आणतात. बाहेरची वस्तू वापरली नाही की तिच्याभोवती आवरण तयार होण्याचा प्रश्नही उरत नाही. पाठीच्या स्नायूखाली इम्प्लांटही बसविले असेल, तर मात्र आवरणाची शक्यता शिल्लक राहते. ही शस्त्रक्रिया मोठी असते. तिला अधिक वेळ, सूक्ष्मशल्यक्रियेचे कौशल्य आणि दीर्घ विश्रांती लागते, तसेच पोटावर अथवा पाठीवर आणखी एक व्रण राहतो. किरणोपचार पूर्ण होऊन ऊती स्थिरावल्यानंतर ती करता येते. त्यामुळे आज पुनर्रचना नको म्हणणाऱ्या स्त्रीला हा मार्ग पुढेही मोकळा असतो.

या तिन्हींपैकी सर्वांसाठी सर्वोत्तम असा एकच मार्ग नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, किरणोपचार लागण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांनाही तात्काळ पुनर्रचनेचा पर्याय द्यावा असे सांगितले. मात्र लाभ व धोके यांची पूर्वचर्चा तीत गृहीत धरलेली आहे.

शस्त्रक्रियेतील दक्षता

इम्प्लांट जंतुरहित ठेवणे हा शस्त्रक्रियेतील दक्षतेचा गाभा होय. योग्य वेळी प्रतिजैविक देणे, पोकळी जंतुनाशक द्रावणाने धुणे, इम्प्लांट हाताळण्यापूर्वी हातमोजे बदलणे, त्याचा त्वचेशी स्पर्श होऊ न देणे, रक्तस्राव पूर्ण थांबविणे आणि साचणारा द्रव नळीवाटे बाहेर काढणे हे सारे उपाय साधे असले, तरी त्यांची शिस्त महत्त्वाची आहे.

इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली बसवावे की स्नायूवर, याविषयी अलीकडे बराच विचार झाला आहे. किरणोपचाराने स्नायू स्वतः आकसतो व खालच्या इम्प्लांटला वर ओढतो. म्हणून स्नायूवर बसविलेल्या इम्प्लांटमध्ये हा त्रास कमी होतो, असे काही अभ्यासांत दिसून आले. परंतु त्यासाठी वरची त्वचा पुरेशी जाड व चांगल्या रक्तपुरवठ्याची असावी लागते.

मनुष्याच्या किंवा प्राण्याच्या त्वचेतील पेशी काढून टाकून तयार केलेला पडदा इम्प्लांटभोवती आधारासाठी वापरला जातो. त्यामुळे आवरणाचा कठीणपणा कमी राहतो, असा अनुभव नोंदविला गेला आहे. हा पडदा महाग असतो. शिवाय नेदरलँड्समध्ये झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असा पडदा वापरून एकाच टप्प्यात केलेल्या पुनर्रचनेत दोन टप्प्यांच्या पद्धतीपेक्षा गुंतागुंतीचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. म्हणून त्याचा वापर निवडक रुग्णांपुरता व अनुभवी हातांनीच व्हावयास हवा.

खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमुळे आवरण कमी आकसते, असेही मानले जात असे. पुढे अशा इम्प्लांटचा एका दुर्मीळ लसीकापेशींच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे स्पष्ट झाले आणि २०१९ साली अशा इम्प्लांटचा एक मोठा प्रकार जगभरच्या बाजारातून परत घेण्यात आला. एक धोका टाळताना दुसरा ओढवून घेऊ नये, हा धडा त्यातून मिळाला.

किरण देतानाची काळजी

किरणोपचाराच्या तंत्रातही प्रतिबंधाला वाव आहे. संगणकीय चित्रणाच्या आधारे आता किरणांची मात्रा सर्वत्र समान राखता येते आणि अतिरिक्त मात्रेचे 'तप्त' ठिपके टाळता येतात. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, इम्प्लांट असलेल्या स्त्रियांत किरणांचे लक्ष्य मुख्यतः त्वचा व इम्प्लांट यांमधील ऊतींवर केंद्रित करता येते. त्वचेवरची मात्रा वाढविण्यासाठी छातीवर जे आच्छादन ठेवण्यात येते, ते सरसकट न वापरता गरजेपुरतेच वापरावे, असाही कल आहे.

पूर्वी पाच आठवड्यांत २५ वेळा मिळून ५० ग्रे इतकी मात्रा देण्याची पद्धत रूढ होती. दर वेळची मात्रा थोडी वाढवून हाच उपचार सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण केल्यास इम्प्लांटला अधिक अपाय होईल, अशी भीती होती. अमेरिकेत इम्प्लांटधारक ४०० स्त्रियांवर झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र १६ वेळा दिलेल्या अल्पावधीच्या उपचाराने गुंतागुंत वाढल्याचे आढळले नाही. गावाहून शहरात येऊन राहावे लागणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने उपचाराचे दिवस कमी होणे ही दिलासा देणारी बाब आहे.

औषधे व चरबीरोपण

रक्तप्रवाह सुधारणारे पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व ही जोडी किरणजन्य तंतुमयता कमी करते काय, याचा अभ्यास बरीच वर्षे चालू आहे. फ्रान्समधील २००३ च्या एका लहान चाचणीचे निष्कर्ष आशादायक होते. ब्रिटनमधील चाचणीत तसा लाभ दिसला नाही. दम्यावरील काही औषधेही आवरण मऊ ठेवण्यासाठी वापरून पाहण्यात आली आहेत. परंतु त्यांपैकी झाफिरलुकास्ट या औषधाने यकृताला इजा होऊ शकते. यांपैकी कोणतेही औषध दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नये.

शरीराच्या एका भागातील चरबी शोषून ती किरणोपचार झालेल्या त्वचेखाली भरण्याचा उपायही केला जातो. त्यामुळे त्वचेची जाडी व लवचिकपणा सुधारल्याची निरीक्षणे आहेत. मात्र त्यास एकाहून अधिक बैठका लागू शकतात.

रुग्णाने काय करावे?

तंबाखूचे सेवन, मग ते ओढून असो वा मिश्रीच्या रूपाने असो, शस्त्रक्रियेपूर्वीच पूर्णपणे थांबवावे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरण्यास विलंब होतो. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात आणावी. भौतिकोपचारतज्ज्ञाने शिकविलेले खांद्याचे व्यायाम नियमाने करावेत. छातीचा व खांद्याचा आखडलेपणा त्यामुळे कमी होतो. मालिशीने आवरण आकसण्याचे थांबते, असे खात्रीने म्हणता येत नाही. किरणोपचार चालू असताना तर विचारल्याशिवाय मालिश करूच नये.

स्तन हळूहळू घट्ट होणे, वर सरकणे, दोन बाजूंत फरक दिसणे किंवा दुखणे ही आवरण आकसण्याची लक्षणे होत. लाली, ताप अथवा जखमेतून स्राव ही संसर्गाची चिन्हे असून त्यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काही वर्षांनंतर अचानक सूज आल्यास किंवा नवी गाठ लागल्यास तिची तपासणी लांबवू नये. प्रत्येक घट्टपणा आवरणामुळेच असतो, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

आवरण कठीण झालेच, तर ते कापून मोकळे करणे, काढून टाकणे, इम्प्लांट बदलणे किंवा स्वतःच्या ऊतींची पुनर्रचना करणे असे उपाय आहेत. पूर्वी हाताने बाहेरून जोराने दाबून आवरण फोडण्यात येत असे. त्यात इम्प्लांट फुटण्याचा व रक्तस्रावाचा धोका असल्याने ती पद्धत मागे पडली आहे. किरणोपचार झालेल्या छातीत केवळ इम्प्लांट बदलल्यास आवरण पुन्हा आकसण्याची शक्यता राहते, हेही रुग्णास आधी सांगितले पाहिजे.

निर्णय पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी

वरील सर्व उपायांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणूनच शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन यांनी एकत्र विचार करून योजना आखणे आवश्यक ठरते. मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या केंद्रात हे सर्व तज्ज्ञ एका छताखाली मिळतात. जेथे ते नसतील, तेथे शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी अशा केंद्राचा सल्ला घेणे हिताचे होय.

रुग्णाने विचारावयाचे प्रश्न मोजकेच आहेत. मला किरणोपचार लागेल काय? लागणार असल्यास पुनर्रचना आता करावी की नंतर? इम्प्लांट कठीण झाल्यास पुढचा मार्ग कोणता? एकंदर किती शस्त्रक्रिया आणि किती खर्च? त्याबरोबरच, पुनर्रचना करून न घेण्याचाही मला अधिकार आहे ना? अनेक स्त्रिया कपड्यांच्या आत बसणारा बाह्य कृत्रिम स्तन वापरून, तर काही तोही न वापरता समाधानाने जीवन जगतात. पुनर्रचना करणे वा न करणे, यांपैकी कशानेही स्त्रीचे मोल कमी-अधिक होत नाही.

स्त्रीच्या आजाराविषयीचे निर्णय घरातील इतरांनी घेण्याची प्रथा आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. हा निर्णय मात्र जिच्या शरीराचा आहे, तिने घ्यावयाचा आहे. तो घेण्यासाठी तिला पूर्ण माहिती, पुरेसा वेळ आणि कुटुंबाचा आधार मिळाला, तर आवरण आकसण्याचा धोका पत्करतानाही ती तो जाणूनबुजून पत्करील, आणि पुढे अडचण आलीच तर तिच्या उपचाराची वाट तिला आधीच ठाऊक असेल.